मामाने चौकीत घेतलेला निरोप
अन्याय झाला तो करावे गावातल्या माझ्या मामावर, एकसष्टच्या नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. होडीच्या डांबराचा वास आला की तो दिवस आठवतो. खाडीत चोरटं सोनं सापडलं म्हणून मामासकट अख्ख्या कोळीवाड्याची चौकशी चालू होती. आरोप कुणावरच नव्हता. मामाला कुवेतला नोकरी लागली. परमुलखी निघताना सगळ्यांचा निरोप घ्यायची आमची रीत, म्हणून तो चौकीतही गेला. "येतू सायब, कुवेतला चाललू." "पळतोस काय रे?" साहेब हसला आणि त्याने मामाचा पासपोर्ट खणात टाकला. "पलनारा सांगाया येल का, सायब?" बोट मामाला सोडून गेली. इतकी वर्षं झाली, आरोपपत्र नाही आणि मामा कुणाशी बोलतही नाही. वाचून हळहळू नका. उद्या माझ्याबरोबर चौकीत या आणि त्याचा पासपोर्ट मागा.