चालताना मी बोलत नसे

नांदेडच्या डॉक्टरांनी माझं मनगट इतका वेळ धरून ठेवलं की मला अवघडल्यासारखं झालं. मग त्यांनी दुसऱ्या हातानं छातीवर नळी ठेवली आणि दोन्हीकडचे ठोके एकदमच मोजले. छातीत जितके पडत होते तितके मनगटापर्यंत पोचत नव्हते.

"लहानपणी सांधे धरले होते का?" त्यांनी विचारलं.

धरले होते. चौथीत असताना ताप येऊन, गुडघे सुजून मी दोन महिने घरात पडून होते. वाढत्या अंगाची पोर आहे, दुखायचंच, असं म्हणून कुणी दवाखान्यात नेलं नव्हतं.

"त्या तापानंच झडप खराब झाली. आता हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. तुम्हाला दम लागतो तो त्याचाच."

"बरं कधी होईल?"

"बरं होणार नाही. सांभाळावं लागेल."

मी बत्तीस वर्षांची होते. त्यांनी ठोके आवरायची एक गोळी लिहून दिली आणि एक लघवीची, रोज सकाळी घ्यायची. अंगातलं जास्तीचं पाणी निघून गेलं की छाती हलकी राहील, म्हणाले.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्यांना माणसं लागत होती, म्हणून मला नांदेडहून तिकडे पाठवलेलं. हे किनवटकडच्या आश्रमशाळेत शिक्षक होते, महिन्यातून एकदा यायचे. सहा वर्षांची मुलगी आणि मी, दोघी एका खोलीत राहत होतो. आमच्या वस्तीतून सरकारी नोकरीला लागलेली मी पहिलीच बाई. वडिलांनी आयुष्यभर मजुरी करून मला शिकवलं होतं. दुखणं कचेरीत कळलं तर घरी बसवतील, या भीतीनं मी कुणालाच काही सांगितलं नाही.

कचेरी भाड्याच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होती. जिना जिथं वळतो तिथं नोटिसांचा फळा होता. तिथं थांबून मी फळा वाचत असल्याचं दाखवायचे. बदल्यांच्या यादीतलं एकच पान आठ-आठ दिवस वाचायचे. वर जाऊन टेबलाशी बसले तरी पाच-दहा मिनिटं बोलता येत नसे. कुणी काही विचारलं तर मी मान खाली घालून रजिस्टर उघडायचे.

पण खरी अडचण जिन्याची नव्हती. पाऊस पडला नव्हता, नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. कचेरीत बायकांसाठी एकच संडास, त्याला आतून कडी नव्हती आणि आत थेंबभर पाणी नव्हतं. लघवीची गोळी घेतली की अर्ध्या-अर्ध्या तासाला जावं लागायचं. पहिल्याच आठवड्यात एकदा मला जागेवरून उठायला उशीर झाला. त्या दिवशी ओला परकर अंगावर वाळेपर्यंत मी खुर्चीवरून हलले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी ती गोळी बंद केली. ही गोष्ट मी यांनासुद्धा सांगितली नाही.

महिन्याभरात पाय सुजले. आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून भिंतीला टेकून झोपू लागले. टँकर आला की बायका दोन-दोन घागरी भरून पळायच्या. मला एक घागर दारापर्यंत आणायला चार वेळा खाली ठेवावी लागायची. एवढ्या पाण्यात दोघींचं भागेना. शेवटी माझी माय नायगावहून आली आणि नातीला घेऊन गेली. पोरीनं जाताना मागं वळून पाहिलं नाही. मला वाटलं, बरं झालं, रडली नाही.

चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी माय तिला घेऊन आली. स्टँडवरून खोलीपर्यंत आम्ही चालत आलो. पोर सारखी बोलत होती, बालवाडीतलं, मामाच्या शेळीचं, कुणाशी भांडण झालं त्याचं. मला पाऊल टाकावं की शब्द काढावा, एवढंच हातात होतं. मी पाऊल टाकत राहिले. हळूहळू ती गप्प झाली. घरी आल्यावर मी स्टोव्ह पेटवत होते, तेव्हा पडद्यापलीकडून तिचा आवाज ऐकू आला.

"माय, आईला मी नको हाय."

"असं बोलू न्हाई."

"मग ती माझ्याशी बोलत का न्हाई?"

मी उठून गेले नाही. तिला सांगायला एक लांब वाक्य लागलं असतं, आणि तेवढा दम माझ्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवणूक बघायला निघालो. चौक यायच्या आतच मला श्वास आत घेता येईना. एका बंद दुकानाच्या पायरीवर मी बसले आणि बसल्या जागीच ओठ निळे पडले, असं मायनं नंतर सांगितलं. मला एवढंच आठवतं, की पोर माझ्यापासून हातभर लांब उभी होती आणि जवळ येत नव्हती. मायनं रिक्षा थांबवली.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत बोलता येऊ लागलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी माझ्या पिशवीतली नांदेडची चिठ्ठी वाचून विचारलं, "लघवीची गोळी घेत होता ना?"

खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. "न्हाई. कचेरीत संडासाला पाणी न्हाई. कडी पण न्हाई."

 त्या म्हणाल्या, "हे तुम्ही आधी विचारायचं होतं. कचेरीतून घरी आल्यावर घेतली तरी चालते. पण रोज घ्यायची."

"लाज वाटली."

"या लाजेपायी आज जीव गेला असता, बाई."

त्या गेल्यावर मी पोरीला पलंगावर बोलावलं. एक-एक शब्द सुटा करत सांगितलं, की मला चालताना बोलता येत नाही, राग आलेला नसतो. तिचा हात धरून माझ्या छातीवर ठेवला. तिनं बराच वेळ तो तिथंच ठेवला.

"लई पळायलंय," ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "मग थांबून बोलायचं की."

मला रडू आलं, पण रडायलाही दम लागतो, म्हणून आवरलं.

आठ दिवसांनी डॉक्टरांचा कागद घेऊन मी हेडक्लार्कसमोर उभी राहिले. त्यांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं, आता संपलं. ते म्हणाले, "खालच्या मजल्यावर आवक-जावकला बसा. तिथं धूळ लई हाय, पण जिना न्हाई." संडासाच्या कडीचं मात्र त्यांच्यापुढं माझ्या तोंडून निघालं नाही. घरून एक दोरी नेली आणि दार आतून बांधू लागले.

संध्याकाळी गोळी घेऊ लागल्यावर पायांची सूज उतरली. आडवं झोपता येऊ लागलं. पण घागर काही उचलता आली नाही. मे गेला तरी टँकरच चालू होते. हे किनवटहून आले, दोन दिवस पाणी भरून गेले. जाताना म्हणाले, "शाळा सुरू होईल, पोरीचं काय करायचं?" मी त्यांनी भरून ठेवलेल्या घागरी मोजल्या; दोघींना दोन दिवसही पुरल्या नसत्या. 

जूनमध्ये नायगावच्या शाळेत तिचं नाव घातलं. मास्तरांनी फॉर्म पुढं केला. पालक म्हणून मी मायचं नाव लिहिलं.