उपासाचा बटाटा

आईच्या पायाच्या अंगठ्याला साधा काटा लागला होता आणि जखम काही केल्या भरत नव्हती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चोपड्याजवळच्या माहेराहून मी तिला माझ्याकडे देवपूरला आणलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सरळच सांगितलं, गोड बंद करा, साखर खाली आली नाही तर अंगठा कापावा लागेल.

आई जिद्दीची. चहातली साखर त्याच दिवशी बंद केली. वर नवस बोलली, अंगठा वाचेपर्यंत रोज उपास. भाकरी बंद, वरण बंद. फक्त साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळं, बटाटा आणि घरच्या बागेतली केळी. एवढं कडक पथ्य! मी तर शेजारपाजारी कौतुक सांगत फिरायची.

पुढच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. डॉक्टर उखडलेच. "अक्का, चोरून गोड खाता का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईचे तर डोळेच भरून आले. "साखरले हात बी नही लावा मी! उपास शे मना, रोजना!"

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. मग हळूच म्हणाले, "उपासाला काय खाता?" आईनं पिशवीतला डबाच उघडून दाखवला. उकडलेला बटाटा होता, मीठसुद्धा न घातलेला. "एक फोड तोंडात घ्या," ते म्हणाले. "गिळू नका. नुसती चावत राहा."

आई चावत राहिली. हा काय पोरखेळ, असं मला वाटलं. आणि एकाएकी तिचं तोंड थांबलं. माझ्याकडे बघत म्हणाली, "गोड लागी राह्यनं वं!"

मी झडप घालून एक फोड तोंडात टाकली. चावत राहिले. अगं बाई, खरंच गोड! हलकंसं, पण गोडच.

डॉक्टर सांगत होते. पिठूळ पदार्थ लाळेतच फुटायला लागतो, पुढे लहान आतड्यात त्याची पार साखर होते आणि आतड्याच्या भिंतीतून ती रक्तात उतरते. भाकरीचीही होते, पण कोंडा असतो, सोबत डाळ असते, म्हणून जरा सावकाश. साबुदाणा म्हणजे नुसतं पीठच, तो भराभर उतरतो. शिवाय केळी आहेतच. "आतड्याला उपास कळत नाही, अक्का."

मला ओरडावंसं वाटत होतं. अहो, हे आधी का नाही सांगितलं? नुसतं "गोड बंद" म्हणालात! बटाट्याला गोड कोण म्हणतं आमच्यात? अंगठा वाचावा म्हणून ही बाई रोज जे देवाचं नाव घेऊन खात होती, तेच तिचा अंगठा खात होतं.

आईनं नवस सोडला, भाकरी-वरण मोजकं सुरू केलं. पण जखम काळी पडली होती. उशीर झाला होता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून तिला काही द्यायचं नव्हतं, पाण्याचा घोटसुद्धा नाही. आत न्यायला माणसं आली, तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला आणि लहान मुलीसारखं विचारलं, "आज मातर खरा उपास शे ना वं?"