दोन शून्यं कमी

आमची थोरली लहानपणी जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरायची. मध्येच शंका आली की परत वर. मी खाली तिचं दप्तर घेऊन ताटकळत उभी, तिकडे शाळेची घंटा झालेली. हे तिला ‘मोजणी अधिकारी’ म्हणायचे. आता ती चौतीस वर्षांची आहे आणि हुद्दा तोच आहे.

एका संशोधन संस्थेत तिची तीन वर्षांची नेमणूक होती. काम एल-फंक्शनची शून्यं शोधण्याचं. मला तिने समजावलं ते असं: एल-फंक्शन म्हणजे एक सूत्र. त्यात संख्या घातली की उत्तर मिळतं. जिथे उत्तर शून्य येतं ती जागा म्हणजे त्याचं शून्य. मूळ संख्या कशा विखुरल्या आहेत याचा माग या जागांवरून लागतो. कामाची शून्यं सगळी एकाच सरळ रेषेवर असावीत असं जाणकारांना वाटतं, सिद्ध मात्र कुणालाच करता आलेलं नाही. म्हणून ती त्या रेषेवरून वर वर जात एकेक शून्य टिपायची. एकूण किती सापडायला हवीत, हे काढायची वेगळी रीत आहे. दोन्ही आकडे जुळले की तिथपर्यंतचं कोष्टक पक्कं.

नेमणूक संपायला पाच आठवडे असताना दोन शून्यं कमी भरली.

“लाखातली दोनच ना?” हे म्हणाले. “आपल्या घरात याहून जास्त मोजे हरवलेत.”

“बाबा, ही दोन रेषेबाहेर निघाली तर जगभरच्या गणितज्ञांची झोप उडेल.”

“अरे बापरे. मग?”

“तसं नसणार हो. एकमेकांना चिकटून बसली असणार. पण ‘असणार’ कोष्टकात लिहिता येत नाही.”

कुठे कमी पडतायत ती जागा तिने आठवडाभरात हुडकली. त्या जागेचा आलेख छापून माझ्यासमोर धरला. एक वक्र शून्य दाखवणाऱ्या आडव्या रेषेपर्यंत खाली येऊन वर वळलेला. रेषा ओलांडून वळला असेल तर दोन शून्यं मिळाली. न टेकताच वळला असेल तर नाही.

मी चष्मा पुसला. “टेकलाय की!”

“आई, तुला वाटतं म्हणून टेकत नाही तो.”

मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, सूक्ष्मदर्शकावर डोळे शिणवलेली. म्हटलं, “मग आणखी मोठं करून बघ.”

“मोठं करूनच एवढं दिसतंय. याच्यापुढे यंत्राच्या स्वतःच्या चुकाच या वळणापेक्षा मोठ्या होतात. सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहायला हवा.”

“किती दिवस?”

“दिवस?” एवढंच म्हणाली.

तिच्या सरांचा फोन आला. ते म्हणाले, त्या जागेच्या अलीकडे कोष्टक थांबव. ही म्हणाली, “सर, तिथपर्यंतचं दुसऱ्यांनी आधीच छापलंय. मग माझं काय राहिलं?” सर म्हणाले, मुदतवाढ माझ्या हातात असती तर दिली असती गं.

फोन ठेवल्यावर मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते. पण बोलले खरी. “सापडली म्हणून लिहून टाक ना. तिथेच आहेत, सगळ्यांनाच माहितेय. कोण बघायला जातंय?”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. “आई, तू गं?” म्हणाली आणि आलेखाची घडी करून आत गेली.

अहवालात तिने अलीकडची जागा लिहिली. नेमणूक संपली. भाड्याची खोली सोडून चार खोकी आणि संगणक घेऊन ती घरी आली. आता सकाळी क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवते आणि दुपारी तो प्रोग्रॅम लिहिते. जेवढा झालाय तेवढा संगणकावर सतत चालू असतो. एकदा वीज गेली आणि सहा दिवसांचं काम बुडालं. तिने कपाळाला हात लावला नाही, की रडलीही नाही. पहिल्यापासून सुरू केलं. पायऱ्यांसारखंच.

“आणि नाहीच सापडली तर?” मी परवा विचारलं.

“तर आणखी बारीक बघायचं.”

“आणि तोवर तू?”

“मी काय? मी आहेच की इथे.”

तिचं वय, तिची नोकरी, पुढे काय, यातलं काहीच माझ्याने धड विचारवत नाही. तिचा संगणक चालतो त्या खोलीतल्या बोर्डावर जास्त भार पडला की फ्यूज उडतो. म्हणून मी इस्त्री बंद केली आहे. हे चुरगळलेला शर्ट घालून बाहेर पडतात आणि एका शब्दाने विचारत नाहीत.