काशीदादांनी बंद केलेली केबल

बातम्या लागल्या की काशीदादा टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि नुसती चित्रं बघायचे. स्वतः भिवंडीतल्या नारपोलीचे केबलवाले, आणि ही तऱ्हा! मी एका वाहिनीला भिवंडीच्या बातम्या पाठवायचो, म्हणून मला मुद्दाम समोर बसवून चिडवायचे, "तुमची बडबड काढली ना, की रडनारी मानसं नीट दिसतात." मूळचे पूर्णा गावचे. तिथल्या शेतांवर गोदामं आली, पण दादांची बोली हलली नाही.

एके वर्षी मुंबईत बाँबस्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी नारपोलीच्या सलीम नावाच्या यंत्रमाग कारागिराला चौकशीला नेलं. फक्त चौकशीला. पण वाहिनीला घाई होती आणि मला तिच्याहून जास्त. मी फोनवरून थेट सांगून टाकलं: दहशतवाद्याचं घर, नारपोली, तिसरी गल्ली, निळं दार. मग दर पाच मिनिटांनी रक्तात पडलेली माणसं आणि लगेच ते दार. दादांचा फोन आला, "अरे, बाँब एकदा फुटला. तुमी सकालपासून किती वेला फोडताव?" मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

दुपारी दादांनी अख्ख्या नारपोलीची केबल बंद केली. पण ज्यांना बघायचं होतं त्यांचं बघून झालं होतं. पन्नासेक माणसं सळया घेऊन गल्लीत घुसली, तेव्हा मी कॅमेरा घेऊन तिथेच उभा होतो. दार फोडून त्यांनी सलीमच्या म्हाताऱ्या बापाला केसांना धरून बाहेर ओढलं. पहिली सळई डोक्यात बसली, म्हातारा कोसळला, आणि गर्दीतून धावत आलेले दादा त्याच्या अंगावर आडवे पडले. "मारू नका रं! त्यानं काय केलंय?" पुढचे सगळे फटके त्यांनी खाल्ले. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी कॅमेरा खाली ठेवला नाही.

संध्याकाळी वाहिनीने माझी दृश्यं दाखवली. खाली पट्टी होती, 'जनतेचा संताप'. म्हातारा वाचला. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी सलीमला सोडून दिलं. ती बातमी मी पाठवली, पण कोणी घेतली नाही.

हॉस्पिटलात गेलो तेव्हा दादांचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते आणि एक डोळा पार मिटलेला. मला रडू आवरेना. काहीतरी भरून काढायचं म्हणून म्हणालो, "दादा, तुमच्यावर बातमी करतो. लोकांना कळू दे."

"कर की," दादा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फक्त घर कुठं हाय ते सांगू नको. तुझी वहिनी एकटीच हाय."