भिंती पाडणारे कर्नल रिसबूड

कर्नल गोपाळकृष्ण रिसबूड सैन्यातून निवृत्त झाले तेव्हा अवघड ते सगळं संपलं, अशी त्यांची समजूत होती. सियाचीन झालं, मणिपूर झालं, राजस्थानातला उन्हाळा झाला. आता उरलं होतं पुण्यातलं खराडी. खराडीबद्दल त्यांना आधी कोणी काही सांगितलं नव्हतं.

निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी मॅनेजमेंटचा एक कोर्स असतो. त्यात बाकी काही शिकवोत न शिकवोत, आपलं आयुष्य परक्या भाषेत कसं मांडायचं ते मात्र नीट शिकवतात. कर्नलसाहेबांनी एकदा बर्फात अडकलेली तुकडी सुखरूप खाली आणली होती. बायोडेटात ते ‘प्रतिकूल वातावरणात मनुष्यबळाचं यशस्वी स्थलांतर’ झालं. गोळीबार ‘बाह्य आव्हान’ झाला. त्यांच्या पत्नी श्यामलाबाई पेठेतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी तो कागद शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, “हे गृहस्थ कोण?”

त्या गृहस्थांना पहिली नोकरी मिळाली एका मॉलच्या सुरक्षेची. तिथे त्यांनी मालकांच्या मेहुण्याला गाडीची डिकी उघडायला लावली. दुसरी एका औषध कंपनीत. तिथे मीटिंगची वेळ झाली की ते दाराला आतून कडी लावत. एके दिवशी बाहेर राहिलेल्यांत मॅनेजिंग डायरेक्टर होते.

मधल्या रिकाम्या महिन्यांत कर्नलसाहेबांनी नारायण पेठेतल्या फ्लॅटच्या व्यवस्थेत लक्ष घातलं. श्यामलाबाई शाळेतून येत तेव्हा फडताळातले डबे उंचीप्रमाणे उभे असत आणि तुरीची डाळ विचारल्याशिवाय सापडत नसे.

“अहो, आता ही तिसरी नोकरी मिळालीय, तिच्यात प्रोबेशन तेवढं पूर्ण करा,” त्या म्हणाल्या. “एवढंच मागते. वीरचक्रबिक्र काही नको.”

चौथी नोकरी मिळणार नाही, हे त्या बोलल्या नाहीत. कर्नलसाहेबांना ते माहीत होतं. पंचावन्नाच्या घरातल्या कर्नलला या शहरात लोक आपण होऊन एकच पद देतात, सोसायटीच्या चेअरमनचं. ते त्यांना दोनदा देऊन झालं होतं.

तिसरी नोकरी खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, प्रशासनप्रमुखाची. कंपनीचे संस्थापक केयूर सबनीस वयाने कर्नलसाहेबांच्या धाकट्या भाच्याएवढे. बुटांत मोजे घालत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, “आपल्याकडे सर, साहेब काही नाही हं. फक्त केयूर. आणि तुम्ही जी.के.”

“बरं, सर,” जी.के. म्हणाले.

पहिले काही महिने बरे गेले. लिफ्ट वेळेवर चालू लागल्या, कॅन्टीनमधली झुरळं कमी झाली, ऑडिटचे लोक हसत परत गेले. मग टाउनहॉल आला.

टाउनहॉल म्हणजे तिमाहीतून एकदा सगळा स्टाफ कॅन्टीनमध्ये उभा करून त्याला भविष्य दाखवण्याचा कार्यक्रम. केयूर कानाला माइक लावून इकडून तिकडे फेऱ्या मारत बोलत. त्या दिवशी विषय होता समानता.

“केबिन ही खोली नसते, माइंडसेट असतो,” केयूर म्हणाले. “दाराच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवणारे आपण कोण? मला या कंपनीत एकही बंद दार नकोय. पाडा त्या भिंती. माझी सगळ्यात आधी.”

टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतून कर्नलसाहेबांनी हात वर केला. “सर, केव्हापर्यंत?”

केयूर हसले. “जी.के., खरं तर कालच व्हायला हवं होतं.”

आता तर लोकांनी शिट्ट्याही वाजवल्या.

सैन्यात अशी पद्धत असते की वरिष्ठाने काय हवं ते सांगायचं आणि कसं करायचं ते खालच्याने बघायचं. खडकवासल्याला एनडीएत पहिल्या वर्षी अंगात मुरवतात ती हीच गोष्ट. वरिष्ठाला ते खरोखर हवं आहे का, असा उपप्रश्न तिथे कोणी काढत नाही. काय हवं ते केयूरनी सांगितलं होतं. मुदत सांगितली होती. सगळ्या पलटणीसमोर सांगितलं होतं. कर्नलसाहेबांच्या दृष्टीने त्यात आणखी काही विचारण्यासारखं उरलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर बद्रीनाथ मिस्त्री आपली माणसं घेऊन आले. ते मूळचे वाशिमकडचे. काचा काढता काढता एकदाच थांबले.

“साहेब, मोठ्या साहेबांची पण काढायची म्हणता का जी?”

“ती आधी,” कर्नलसाहेब म्हणाले.

सोमवारी सकाळी कंपनी खरोखरच समान झाली होती. टेबलं नावांच्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली होती. केयूरचं टेबल कॅन्टीनच्या कादंबिनी आणि अकाउंट्सच्या किसन यांच्या मधे, पाण्याच्या यंत्रासमोर आलं होतं. केयूर दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले. पण टाउनहॉलचा व्हिडिओ शनिवारीच लिंक्डइनवर चढला होता आणि त्याखाली बंगळूरच्या गुंतवणूकदारांनी तीन नमस्कार टाकले होते. केयूरनी कर्नलसाहेबांचा हात हातात घेतला.

“सुपर एक्झिक्यूशन, जी.के.,” ते म्हणाले. हात थंड होता.

त्यानंतर कंपनीत कोणाचंही काही गुप्त राहिलं नाही. कोणाची पगारवाढ अडली, कोणाच्या सासूचं ऑपरेशन ठरलं, सगळं सगळ्यांना कळू लागलं. विक्रीप्रमुख सलिल दातार दुसऱ्या कंपनीत नोकरी शोधत होते. मुलाखतीचे फोन घ्यायला ते आगीच्या जिन्यात जात. जिना घुमतो, त्यामुळे ती बातमी खालच्या मजल्यावरच्या विमा कंपनीलाही कळली. शेवटी सलिल कर्नलसाहेबांच्या टेबलाशी येऊन वाकले.

“जी.के., एक छोटासा फोकस पॉड करून द्याल का? केबिन नाही म्हणत मी.”

“दार असेल त्याला?”

“असलं तर बरं.”

“मग केबिनच झाली ती.”

“तुम्हाला ना, काही कळत नाही,” सलिल म्हणाले. ते ऐकून आजूबाजूच्या दहाएक जणांनी माना वर केल्या.

घरी कर्नलसाहेबांनी ही हकीकत जेवताना सांगितली. श्यामलाबाईंनी भाकरी मोडता मोडता ऐकून घेतली.

“त्याने टाळ्यांसाठी म्हटलं होतं ते,” त्या म्हणाल्या.

“मग तसं सांगायचं.”

“टाळ्यांसाठी बोलतोय, असं सांगून कोणी बोलतं का? मी दर गॅदरिंगला म्हणते की प्रत्येक मूल एक फूल आहे. उद्या शिपायाने वर्गात झारीने पाणी घातलं, तर मी काय करायचं?”

कर्नलसाहेबांनी त्यावर गंभीरपणे विचार केला. शिपायाचं काही चुकलं असं त्यांना वाटेना.

प्रोबेशन संपायच्या आठवड्यात मनुष्यबळ विभागाच्या कादंबरी भिडे त्यांच्याकडे आल्या. त्या विभागाचं नाव कंपनीत ‘माणसं आणि संस्कृती’ असं होतं.

“जी.के., गुरुवारी दुपारी एक खोली लागेल. दार असलेली. कॉन्फिडेन्शियल आहे.”

“किती माणसं?”

“तीन. पाणी ठेवा. टिश्यूचा बॉक्सपण.”

“कोणाची मीटिंग?”

“ते सांगता येणार नाही,” कादंबरी म्हणाल्या आणि त्यांच्याकडे न बघता निघून गेल्या.

कोणालाही कामावरून काढायचं तर बंद दाराआड सांगायचं, असा कंपनीचा लेखी नियम होता. दार मात्र कंपनीत उरलं नव्हतं. म्हणजे तसं एक उरलं होतं, स्टेशनरीच्या खोलीचं. ती खोली खांबामागे असल्याने कर्नलसाहेबांखेरीज कोणाच्या लक्षात नव्हती. आणि त्या आठवड्यात प्रोबेशन एकाच माणसाचं संपत होतं.

“खोली नाही म्हणून कळवा,” रात्री जेवताना सगळं ऐकून श्यामलाबाई म्हणाल्या. “खोली नाही तर मीटिंग नाही. मीटिंग नाही तर शुक्रवारी तुम्ही आपोआप कायम.”

“खोली आहे.”

“त्यांना माहीत आहे का?”

“मला माहीत आहे.”

श्यामलाबाईंनी उठून ताटं उचलली, जरा आवाज करतच.

गुरुवारी स्टेशनरीची खोली झाडून पुसून तयार होती. तीन खुर्च्या, मधे टेबल, पाणी, टिश्यू. खुर्च्यांचं अंतरही बेताचं ठेवलं होतं, ज्याला काढायचं त्याला गुडघे आखडून बसावं लागू नये म्हणून. कर्नलसाहेब वेळेच्या आधी येऊन त्याच खुर्चीपाशी उभे राहिले.

केयूर आणि कादंबरी आत आले. कादंबरींनी दार लावलं. खट्ट झालं आणि बाहेरचा गलका थांबला.

केयूर खाली बसले. त्यांनी डोळे मिटले. पाण्याच्या यंत्राची घरघर नव्हती, किसनची शिंक नव्हती, कॅन्टीनच्या कादंबिनीचं भाजी निवडणं नव्हतं. कादंबरींनी फाइल उघडून “जी.के., हा प्रवास आपल्या दोघांसाठीही शिकण्याचा होता,” अशी सुरुवात केली, तेव्हा केयूरनी हाताने त्यांना थांबवलं.

“किती शांत आहे इथे,” ते म्हणाले. मग डोळे उघडून, “कर्नल, ते मी बोलायला बोललो होतो हो.”

सहा महिन्यांत पहिल्यांदाच ते ‘कर्नल’ म्हणाले होते.

“हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं, सर.”

“सगळ्यांसमोर?”

केबिन कशासाठी असते ते कर्नलसाहेबांना त्या क्षणी समजलं. त्यांच्या तंबूलाही पडदा असायचाच.

“मग भिंती परत उभ्या करतो,” ते म्हणाले. “तसा आदेश द्या.”

“मला देता येणार नाही. ते गुंतवणूकदार, तो व्हिडिओ.” केयूरनी टिश्यूच्या बॉक्सशी चाळा केला. “तुम्हाला तसं वाटलं, असं होऊ शकेल का? प्रशासनाचा पुढाकार. तसं झालं तर ही फाइल इथेच बंद करू.”

कादंबरींनी फाइल मिटून दाखवली.

वरिष्ठाची चूक आपल्या अंगावर घेणं कर्नलसाहेबांना नवं नव्हतं. एका ब्रिगेडियरांनी नकाशा उलटा धरला होता त्याचा ठपका त्यांनी एकदा मुकाट्याने घेतला होता. पण तिथे गप्प राहिलं की भागत असे. इथे लिहायचं होतं.

ते आपल्या टेबलाशी गेले आणि लिहायला बसले. वाटलं होतं त्यापेक्षा फारच लवकर झालं. संध्याकाळी सगळ्या कंपनीला मेल गेली: ‘समानतेच्या आपल्या यशस्वी प्रवासाच्या पुढच्या टप्प्यात, सहकाऱ्यांच्या उत्स्फूर्त मागणीनुसार, प्रशासन विभाग एकाग्रता-कक्षांची उभारणी करत आहे. या कक्षांना दारं असतील. ती मनाने उघडी असतील.’ सलिलनी खाली तीन टाळ्या टाकल्या. शुक्रवारी कायम झाल्याचं पत्र आलं.

घरी त्यांनी पत्र दाखवलं. श्यामलाबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि बरं वाटल्याचं लपवलं नाही. मग त्यांनी ती मेलही मागून घेतली. ती दोनदा वाचली.

“छान आहे. कोणाकडून लिहून घेतलंत?”

“मीच लिहिली.”

श्यामलाबाईंनी चष्मा काढला आणि ओळख पटते का हे बघावं तसं जरा वेळ त्यांच्याकडे बघितलं.

“बसा जेवायला,” त्या म्हणाल्या.