उंबऱ्याच्या आतला गुन्हा

मालकिणीनं घागर माझ्या अंगावर ओतली. तिच्यातलं घोटभर पाणी मी प्यायले होते, म्हणून. साडी अंगाला चिकटली, घुंगरू लावायला मांडीवर घेतलेलं अर्धं पैंजण भिजलं.

"तुमच्या जातीला घर दावलं की चूल बी बाटवता," ती म्हणाली. मालक शेजारीच बसला होता. त्यानं मान वर केली नाही. त्याच्या बहिणी हसल्या.

हुपरीत चांदीचं काम घराघरांत चालतं. पैंजणांना घुंगरू लावायला मी त्या घरी जायची. बाहेरची अशी मी एकटीच. काम संपलं की सगळ्यांनी एकाच घमेल्यात हात धुवायचे, हाताला लागलेली चांदीची भुकटी वाया जाऊ नये म्हणून. त्या घमेल्यात माझे हात कुणाला खुपले नाहीत. उलट मालकीणच म्हणायची, "नीट चोळून धू की." माझ्या नखातली चांदी चालायची, मी प्यायलेलं पाणी बाटायचं.

ओल्या साडीनंच पोलीस चौकीत गेले. जातीवरून छळ केला तर कायदा आहे, हे वस्तीतल्या सभेत ऐकलं होतं.

हवालदारानं विचारलं, "भाईर कोण बघितलं?"

"घरातच झालं, साहेब."

"मग त्यात बसत न्हाय. चारचौघांत झालं पायजे. बायकांचं भांडण म्हणून लिवतो. कर सही."

मला त्याच्यापेक्षा त्या नियमाची किळस आली. आमच्या बायका राबतात कुठं? दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, गोठ्यात, सोप्यात. तिथं चारचौघं आणायचे कुठून? असतात ते त्यांचेच सोयरे. चौकात जात काढली तर गुन्हा, घरात काढली तर भांडण. म्हणजे दार लावून घ्या आणि काय वाट्टेल ते करा. असला अर्धा कायदा काय चाटायचाय?

"भांडण झालंच न्हाय, साहेब. मी एक शब्द बोलले न्हाय. जात काढून पाणी वतलं, तसंच लिवा."

त्यानं कागद पुढं सरकवला. मी पेन टेबलावर ठेवलं आणि उठले.

त्या घरी परत पाऊल टाकलं नाही. घरोघर राबणाऱ्या बायकांकडं मात्र जाते, त्यांच्यावर बंद दाराआड काय झालं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेते. दोन वह्या भरल्या. कायदा उंबऱ्यापाशी थांबतो, त्याला आत यावंच लागेल. तोवर भांडण म्हणून लिहिलेल्या कागदावर आमच्यातली एकही बाई सही करणार नाही.