एकाच लॅपटॉपवर दोन पाने

मंगळवारी दुपारी पावणेपाचला धाराशिवच्या आमच्या दैनिकाच्या कार्यालयातील लॅपटॉपने एका बियाणे कंपनीच्या साइटला आपण मोबाइल असल्याचे सांगितले, आणि साइटने ते मानले.

प्रकरण येरमाळ्याच्या एका शेतकरी बाईंचे होते. त्यांचे सोयाबीन उगवले नव्हते. पिशवीवरच्या लॉट क्रमांकापुढे कंपनीच्या साइटवर ‘परत मागवला’ असे होते. कंपनीचे म्हणणे, ही सूचना पेरणीआधीपासून आहे, बाईंनी पाहिली नाही. बाईंचे म्हणणे, पाहूनच पेरले. त्यांच्या फोनवर अजूनही ‘पेरणीस योग्य’ दिसते. कंपनीने उत्तर दिले, फोनमध्ये जुने पान साठून राहिले असेल. बुधवारी अकराला कळंबला तक्रार समितीपुढे सुनावणी होती. तिथे हे खोडता आले नसते, तर तक्रार फेटाळली जाणार होती.

ब्राउझर प्रत्येक साइटला स्वतःचे नाव, आवृत्ती आणि यंत्राचा प्रकार सांगत असतो. माझ्या लॅपटॉपवर एक गाळणी प्रोग्राम आहे. तो मध्ये बसून ही ओळख झाकतो आणि आपण लिहून दिलेली दुसरी पुढे करतो. बातमी शोधताना माग राहू नये म्हणून मी तो वापरत आलो आहे. कंपनीची साइट जुन्या, बिनकुलपाच्या म्हणजे मधल्याला मजकूर वाचता-बदलता येईल अशा पद्धतीची असल्याने तिथे तो सहज चालत होता.

पहिली चूक माझीच. ओळखीच्या रकान्यात, बातमीच्या डोक्यावर घालायच्या सवयीने, मी इंग्रजी अक्षरांत ‘धाराशिव, प्रतिनिधी’ टाकले. साइटने ‘परत मागवला’ हेच पान दिले.

उपसंपादक वाकून पाहत होते. “अहो, ओळख लपवायला बसलात आणि बायलाइन देऊन मोकळे झालात?”

फोन घेऊन समोर बसलेल्या बाई हसल्या. “दादा, माझं नाव टाकू नका म्हंजे झालं.”

“नाव न्हाय, मावशी,” मी म्हणालो. “ तुमच्या फोनची ओळख पाहिजे. द्या इकडं.”

“घ्या. पर त्यातलं पान पुसू नका. लई जपलंय.”

फोन कार्यालयाच्या वायफायवर घेऊन त्याच प्रोग्राममधून जोडला. ओळख झाकणे तेवढे बंद ठेवले. नोंदीत फोनची ओळख उमटली, एक लांबलचक ओळ. ती उचलून रकान्यात टाकली. लॅपटॉपवरची साठलेली पाने पुसली. साइट उघडली.

‘पेरणीस योग्य.’

उपसंपादक ताडकन उठले. “परत करा!”

लॅपटॉपची ओळख दिली, ‘परत मागवला’. फोनची दिली, ‘पेरणीस योग्य’. पुन्हा. आणखी एकदा. घाईत एकदा लॉट क्रमांकच चुकला. बाई दर खेपेला टेबलावर हात आपटत होत्या.

“म्हंजी फोनवाल्यांला येक आन् कॉम्प्युटरवाल्यांला दुसरं?”

“व्हय.”

“आन् पेरायच्या आधी कॉम्प्युटर कोण उघडतंय आमच्यात!”

दोन्ही पानांचे प्रिंट वेळेसह काढले.

बुधवारी समितीने प्रयोग समोर करून दाखवायला सांगितले. अकरा चाळीसला कंपनीच्या माणसादेखत तो केला. इतिवृत्तात दोन्ही पानांची नोंद झाली. तक्रार ग्राह्य धरण्यात आली. दुपारी सव्वातीनला बाईंच्या फोनवर त्या लॉटपुढे ‘परत मागवला’ असे दिसू लागले.